लाल दिवा आणि दुसरा स्पीकर

माणसाला दोन कान असतात, याबद्दल दुमत नाही. त्यातल्या दुसऱ्या कानाचे करायचे काय, हा प्रश्न मात्र चिलाम्बे बाजारात गेल्या वर्षापर्यंत प्रलंबित होता.

कलम १. केंद्र.
फायसन चिरोम्बोने खाद्यतेलाच्या रिकाम्या डब्यात एफएम प्रक्षेपक बांधला. तांब्याच्या तारेची वेटोळी बॉलपेनवर गुंडाळलेली, उरलेले भाग मेलेल्या टीव्हीतले. अँटेना म्हणून अमायी एलिनाटींच्या मक्याच्या गिरणीच्या पत्र्यावर ॲल्युमिनियमचा पाइप. सकाळी मयताच्या बातम्या, दुपारी चर्चची गाणी, मधे वाळवलेल्या उसिपा मासळीचा भाव. (मयताची बातमी चुकली तर माणूस दफनाला पोचत नाही, आणि गाव त्याला ते वीस वर्षे ऐकवते.)

कलम २. संकट.
नदीपलीकडच्या केंद्राने आपण स्टीरिओ झाल्याचे जाहीर केले. श्रोते तिकडे वळले. अमायी एलिनाटी गिरणीच्या मालकीण आणि श्रोता समितीच्या अध्यक्षाही होत्या. त्यांनी फायसनला मक्याचे पीठ झटकत निर्णय कळवला.
"शनिवारपर्यंत स्टीरिओ कर, नाहीतर पाइप उतरव. मला पत्र्यावर मिरच्या वाळवायच्यात."

कलम ३.
(वीज गेल्यामुळे लिहिता आले नाही.)

कलम ४. कसोटी.
स्टीरिओ लागला की पेटणारा लाल दिवा बाजारात एकाच रेडिओला होता, मासाउको न्हाव्याच्या. बाकी सगळे एका स्पीकरचे खिशातले रेडिओ. म्हणून समितीने एकमताने ठरवले, की दिवा लागला म्हणजे स्टीरिओ.

खरा स्टीरिओ करायचा तर डावा आवाज वेगळा, उजवा वेगळा, मग दोन्हींची गाठ मारून पाठवायची. हे तीन आठवड्यांचे काम. फायसनच्या हाती चार दिवस होते. पण दिवा लावायला एक बारीक सूर पुरतो. तो माणसाला ऐकू येत नाही, रेडिओला येतो. फायसनने तो एका दुपारी बनवला आणि डब्यात बसवला. गाणी पूर्वीसारखीच, दोन्हीकडे एकच.

शनिवारी समिती न्हाव्याच्या बाकावर तळलेल्या गोड मंदासी खात बसली. दिवा लागला.
"ढोल इकडून, बाया तिकडून," मासाउकोने वस्तऱ्याने दोन्ही दिशा दाखवल्या. गिऱ्हाइकाने मान आवरली. अमायींनी डोळे मिटून घेतले आणि आपल्याला तर मधोमध बसल्यासारखे वाटते, असे सांगितले.
(समितीच्या अहवालानुसार ९३.५ टक्के श्रोत्यांना फरक स्पष्ट जाणवला.)

कलम ५. सुधारणा.
चालू वस्तूला हात न लावणे हे कारागिराच्या स्वभावात नसते. फायसनला झोप लागेना. तीन आठवडे खपून त्याने खरा स्टीरिओ बांधला, दोन मायक्रोफोन लावून चर्चचे गाणे टिपले आणि हेडफोन चढवला. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. अगदी डाव्या टोकाला कुणी मावशी खोकली. फायसनने वळून तिकडे पाहिले.

मग ते गाणे हवेत सोडले. अर्ध्या तासात मासाउको हजर.
"बापये कुठं गेले? बाया एकट्याच गातायत."

फायसनने त्याचा रेडिओ उघडून पाहिला. उजव्या खोक्यात स्पीकर नव्हता. तिथे कैक वर्षांपासून कंगवे होते. त्याने ते समितीसमोर मांडले. मासाउको शांतपणे म्हणाला, "पहिल्या स्टीरिओच्या वेळीही कंगवे इथंच होते की. तेव्हा कसं दोन्हीकडून ऐकू यायचं?"

अमायी पत्र्याकडे बघत म्हणाल्या, "मिरच्या तयार आहेत हं, फायसन."

कलम ६. अंमलबजावणी.
फायसनने तीन आठवड्यांचे काम डब्यातून काढले. दिव्याचा सूर तेवढा ठेवला. बापये परतले, श्रोते परतले, पाइप जागेवर राहिला. मासाउकोने कंगवे पुन्हा खोक्यात ठेवले. हेडफोन खिळ्याला टांगलेला आहे.

जाता जाता एक नोंद. तो अहवाल समितीच्या सहीसाठी फायसननेच लिहिला होता. कुणीच काही मोजले नव्हते. ९३.५ म्हणजे रेडिओच्या पट्टीवर त्याचे केंद्र जिथे लागते, तो आकडा. पण त्यात दशांश होता आणि तो कंसात होता, म्हणून समितीत कुणी विचारले नाही.

तुम्हीही नाही विचारलेत.