भार्गवचा वाढीव अर्धा किलो

मी भांडखोर आहे असं आमच्या बेला गावात कोणाला वाटत असेल, तर त्यानं समोर येऊन म्हणावं. (अजून कोणी आलेलं नाही.)

पण त्या दिवशी शेजारची सोनाबाई माझ्या नातवाकडं बघून म्हणाली, "काऊन वं, तुया भार्गव अजून काडीपैलवानच?" अन् माझं डोकं फिरलं. लेकरू दोन वर्षांचं, वजनात कमी. अंगणवाडीची भाग्यश्री टीचर त्याला पिठाचं जादा पाकीट देत होती, अन् आता कुठं तो वाटी चाटूनपुसून खायला लागला होता. पण मला दम कुठं? मी ठरवलं, या महिन्याच्या वजनाला भार्गव भारीच भरला पाहिजे.

आमचे हे, माणिकराव, भाजी विकतात. त्यांच्या तराजूचं अर्ध्या किलोचं वजन मी सकाळीच उचललं अन् भार्गवच्या लंगोटात बांधलं. लेकरू बदकासारखं डुलत अंगणवाडीत निघालं.

"मावशी, कपडे काढा त्याचे," टीचर म्हणाली.

"काऊन? सर्दी हाय पोराले. असाच टांग!"

माझ्या आवाजापुढं तिनं टांगला. काटा पाहून ती टाळ्याच वाजवायला लागली. "अरे वा! एका महिन्यात एवढा सुधारला?"

भाजी घेऊन दारात थांबलेल्या सोनाबाईकडं मी पाहिलं. तोंड कारल्यासारखं! तेवढ्यावर माझं पोट भरलं.

"मग मावशी, आता जादा पाकीट बंद."

पोट रिकामं झालं.

झोळीत लोंबणाऱ्या भार्गवनं पाकिटाकडं हात केला. "मम्म."

इज्जत ठेवू की पाकीट? (एवढा विचार मी लग्नाच्या वेळीही केला नव्हता.)

"थांब वं टीचर!" मी लंगोटाची गाठ ओढली. वजन सुटलं ते थेट माझ्या अंगठ्यावर.

माझी किंकाळी ऐकून समोरच्या गाड्यावरून माणिकराव धावत आले. माझ्याकडं नाही, वजनाकडं.

"अवं, सकाळपासून हेच शोधून राह्यलो मी! अर्ध्या किलोच्या जागी किलोचं टाकून वांगे देऊन राह्यलो सगळ्याईले!"

सोनाबाईनं हातातली फुगलेली पिशवी हळूच पदराखाली घेतली.

पाकीट चालू राहिलं. भार्गव आता खरंच भरायला लागला आहे. पण वजनाच्या दिवशी टीचर दारातच त्याची अन् माझी दोघांचीही झडती घेते. म्हणजे स्वतः घेत नाही, तिला माझी भीती वाटते.

त्या कामाला तिनं सोनाबाईला ठेवलं आहे.