तपकिरी गाडीचं कौतुक

भाव करण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्मायचाय, अशी माझी परवापरवापर्यंत ठाम समजूत होती! त्यामुळे गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मी बायकोला बजावलं, "तिथे तू फक्त मी सांगेन तसं वागायचं. बाकी माझ्यावर सोड!"

गाडी खरं तर तिच्यासाठीच घ्यायची होती. ती शाळेत चित्रकला शिकवते. मुलांच्या चित्रांची भेंडोळी घेऊन बसमध्ये उभं राहायचं आणि चुरगळलेली चित्रं सावरत उतरायचं, याला ती कंटाळली होती. ती गाडी चालवायला शिकली, तिने लायसन्स काढलं आणि शोरूमच्या काचेतून दिसणारी एक छोटी निळी गाडी मनात धरली. बसमधून जाताना ती त्या गाडीकडे वळून वळून बघायची.

माझा बेत साधा होता. आवडलेल्या गाडीकडे ढुंकूनही बघायचं नाही. भलत्याच गाडीचं तोंड भरून कौतुक करायचं, मग 'महाग आहे बुवा' म्हणत उठायचं आणि दाराकडे निघायचं. की विक्रेता "निदान निळी तरी घ्या, कमी करतो!" म्हणत मागे धावलाच पाहिजे!

शोरूमच्या कोपऱ्यात एक लांबलचक तपकिरी गाडी उभी होती. बायकोने तिच्यावरून हात फिरवला. "अगंबाई, काय रंग आहे! अश्शीच गाडी हवी होती मला!"

विक्रेत्याच्या हातातला चहा हिंदकळला. त्या गाडीबद्दल असं बोलणारं माणूस त्याने बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"मॅडम, हिच्यावर तर कंपनीचीच सूट आहे," तो घाईघाईने म्हणाला. "मागच्या वर्षीचं मॉडेल आहे ना!"

"ती कंपनीने दिली," मी म्हणालो. "शोरूमने काय दिलं?"

तो आत जाऊन मॅनेजरलाच घेऊन आला. मॅनेजरने शोरूमची सूट दिली. मी माझी जुनी स्कूटर देऊन एक्स्चेंज बोनस मागितला. दिला! नोकरदारांची सवलत मागितली. तीही दिली! मला जिंकण्याची झिंगच चढली. घरात एवढं कोण माझं ऐकतं? मध्येच बायकोकडे पाहिलं, तर ती स्टिअरिंगला गाल लावून म्हणत होती, "हिला सोडून मी नाही हं यायची घरी!"

मला भरून आलं. इतकी आवडली हिला! निळीचं खूळ गेलेलं दिसतंय! मी पेन काढलं.

मॅनेजर कागद घेऊन आत गेला, तशी ती जवळ येऊन कुजबुजली, "अहो, उठायचं कधी? हसून हसून गाल दुखायला लागले माझे."

"उठायचं कशाला? सही केली मी!"

"कसली सही?"

"तुला आवडली ना ही?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, आवडल्यासारखं दाखव म्हणून!"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. मी मॅनेजरच्या मागे धावलो. "थांबा! आम्हाला ती निळी हवी आहे!"

"सर, एवढ्या सवलती घेतलेलं बुकिंग रद्द होत नाही," तो म्हणाला. "आणि निळीवर सूट नाहीच. ती आपोआप खपते."

"तरी किंमत काय तिची?"

त्याने सांगितली. सगळ्या सवलती वजा करूनही माझी तपकिरी तिच्याहून महाग होती!

बायको भांडली असती तर बरं झालं असतं. ती निळ्या गाडीपाशी गेली, आत वाकून बघितलं आणि म्हणाली, "चला." मला फार वाईट वाटलं. अजूनही वाटतं.

तपकिरी गाडी तिला चालवता येत नाही. सीटवरून पुढचं नीट दिसत नाही आणि वळवायला आमची गल्ली पुरत नाही. तिने एकदाच प्रयत्न केला आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. आता रोज सकाळी मीच तिला शाळेत सोडतो. मुलांची चित्रं मागच्या सीटवर सपाट पसरलेली असतात आणि ती त्यांच्याशेजारी बसते. गाडी इतकी लांब आहे की मागे बसलेल्या माणसाचं बोलणं पुढे ऐकूच येत नाही. निदान मी तरी तसंच समजून चालतो!