मार्थाबाई उठत नाहीत

“अरे मुडद्या, जन्माला येताना पाय आधी बाहेर काढलेस! अन् आता गोल समोर दिसतोय, तर तेच पाय कुठं गहाण टाकलेस?”

श्रीरामपूरच्या मैदानावर रविवारी संध्याकाळी हा आवाज घुमला, की गावात नव्या आलेल्या माणसाला वाटायचं, खेळाडूची आई असावी. आई बिचारी कडेला पदर तोंडात धरून उभी असायची. ओरडणाऱ्या असायच्या मार्थाबाई. मिशनच्या दवाखान्यात बाळंतपणं करणाऱ्या नर्सबाई. गावातली बहुतेक तरणी पोरं त्यांच्या हातून या जगात आली होती, आणि नवतारा फुटबॉल क्लबचा जवळजवळ सगळा संघ त्यातलाच होता. कोण कसा जन्मला हे त्यांच्या पक्कं लक्षात असे, आणि मैदानावर ते चारचौघांत सांगायला त्यांना काडीचा संकोच वाटत नसे.

गोलकीपरच्या हातून बॉल निसटला, की “मुठी आवळून आल्ता रे तू! तवा बोटं उघडंनात, आन् आता मिटंनात व्हय?” राइट आउट धावताना मागे पडला, की “ह्याचं काय घेऊन बसलात, हा जन्मालाच उशिरा आला. आई दोनदा दवाखान्यातून परत गेल्ती.” पोरं लाजून लाल व्हायची. पण एखाद्या रविवारी मार्थाबाईंना ड्यूटी लागली आणि मैदान शांत राहिलं, तर तीच पोरं हाफटाइमला विचारायची, “मावशी नाही आल्या आज?”

मी तेव्हा म्युनिसिपल शाळेत मास्तर होतो. एकाहत्तर-बहात्तरचा सुमार असेल. मार्थाबाईंच्या शेजारची खोली मी भाड्याने घेतली होती. सडपातळ बाई, पन्नाशी ओलांडलेली, पांढरं पातळ कडक इस्त्रीचं. नवरा रेल्वेत होता, तो लवकर गेला. मूलबाळ नाही. रविवारी सकाळी मिशनच्या देवळात उपासना, दुपारी मटणाचा रस्सा, आणि ऊन उतरलं की काखेत छत्री मारून मैदान. पहिल्याच आठवड्यात त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“मास्तर, फुटबॉल कळतो का?”

“नाही हो.”

“मग तुमी कमिटीवर पायजे होता.”

ही कमिटी म्हणजे त्यांचं जुनं दुखणं. एक काळ होता, नवतारा क्लबची पोरं नगरला जायची आणि पलटणीच्या धिप्पाड जवानांना पळवून पळवून दमवायची. ढाल घेऊन परतली, की स्टेशनवर बँड वाजायचा. पुढे जुने लोक गेले आणि क्लब नानाशेठच्या हाती आला. नानाशेठ कापसाचे व्यापारी. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना फुटबॉलमधलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. रेफ्रीने ऑफसाइड दिला की ते शेजाऱ्याला विचारत, “आपल्याला मिळाला का?” पण सत्काराची त्यांना भारी हौस. मॅच सुरू होण्याआधी अर्धा तास हार घालण्यात जाई. पोरं उन्हात उभी, आणि व्यासपीठावर गुलाबपाणी.

“कमिटीला हार लई आवडत्यात,” मार्थाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, “म्हनून पोरं बी दर रविवारी एक आनून देत्यात.”

चांगली पोरं एकेक करून गळू लागली. नगरजवळ नागापूरला कारखाने उभे राहत होते. कोणी तिथे चिकटला, कोणी पुण्याला गेला. त्यांना थांबवावं, गावात कुठे कामाला लावावं, असं कमिटीच्या मनातही आलं नाही. रिकाम्या जागा भरल्या त्या शेठजींच्या नात्यागोत्यांनी. त्यातला सेंटर हाफ म्हणजे त्यांचा पुतण्या सुरेश. हा गळ्याभोवती मफलर गुंडाळून खेळायचा. बॉल अंगावर आला की बाजूला सरकून त्याला वाट द्यायचा.

“हा माज्या हातचा न्हाई,” मार्थाबाई जाहीर करत. “हा पुन्याला जन्मला. माज्यावर ठपका नको.”

आणि एका शनिवारी बातमी आली, की उद्याच्या मॅचला योहानला बाहेर बसवणार. योहान म्हणजे तोच, पाय आधी काढून आलेला. आमचा सेंटर फॉरवर्ड. संघात फुटबॉल खेळता येणारा जो काय उरला होता, तो तोच. त्याने म्हणे सुरेशला ‘पास दे’ असं जरा चढ्या आवाजात सांगितलं होतं.

मार्थाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. भिंतीपलीकडून भांडी आपटल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

रविवारी मी मैदानावर पोचलो, तर ही गर्दी. नानाशेठ दर मॅचला घरचा सोफा हातगाडीवरून मैदानाच्या कडेला आणवत. वर कापडी मांडव, पुढे टीपॉय, त्यावर फुलदाणी. त्या सोफ्याच्या मधोमध मार्थाबाई बसल्या होत्या. एका बाजूला दवाखान्यातली आया, दुसऱ्या बाजूला मालधक्क्यावरचा हमाल रखमाजी. आपल्या कपड्यांनी सोफा मळेल म्हणून अंग चोरून बसलेला. मागे पन्नासेक माणसं उभी.

नानाशेठ आले. बरोबर पाहुणे होते, नगरचे कोणी अधिकारी.

“सिस्टर, उठा. पाहुणे आलेत.”

“बसू द्या की त्यान्ला. जमीन काय कमी हाय का?”

“अहो, हा सोफा माझा आहे!”

“व्हय, सोफा तुमचा. न्या घरी. क्लब आमचा हाय, तो आमाला द्या.”

मागून टाळ्या पडल्या. नानाशेठनी हवालदाराला खूण केली. हवालदार पुढे आला, मार्थाबाईंकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली.

“काय रे दगडू,” मार्थाबाई म्हणाल्या, “धाकटीचा खोकला कसा हाय?”

“बरा आहे, बाई.” मग नानाशेठकडे वळून तो हळू म्हणाला, “शेठ, मला काही सांगू नका. आमच्या घरी पुढच्या महिन्यात पुन्हा गरज आहे.”

नानाशेठचा चेहरा लाल झाला. “तुम्हाला पाहिजे तरी काय?”

“योहानला खेळवा.”

“संघ निवडायचा अधिकार कमिटीचा आहे.”

तेव्हा मार्थाबाई उभ्या राहिल्या. पण सोफ्याच्या पुढ्यातच, जागा न सोडता. “शेठ, मागच्या दिवाळीत तुमची उसन भरली हुती. वाकता येईना, उठता येईना. तुमी कुनाला बोलावलं? डाक्तरला न्हाई. पायाळूची लाथ लागली की उसन जाती म्हनून ह्या योहानला घरी बोलावलं. पालथं पडून त्याच्या लाथा खाल्ल्यात. ज्याच्या लाथंनं तुमची कंबर सरळ झाली, त्यालाच तुमी भायेर बसवता?”

मैदान हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. पाहुणे अधिकारीसुद्धा रुमाल तोंडाला लावून दुसरीकडे पाहू लागले. उसण खरीच भरली होती, हे गावाला माहीत होतं; पालथं पडल्याचं मात्र नवं होतं.

योहान खेळला. त्याने एक गोल केलाही. सुरेशने वाट देऊन दोन करवून घेतले, ती गोष्ट वेगळी. हरलो तरी त्या दिवशी माणसं जिंकल्यासारखी घरी गेली.

पुढे क्लबची सर्वसाधारण सभा झाली. कमिटी बदला म्हणून आम्ही गळे काढले. नानाशेठनी नात्यातल्या सगळ्यांना सभासद करून आणलं होतं. त्यांचे हात वर झाले, आमचे आमच्याच मांडीवर राहिले. मार्थाबाईंना तर आतच घेतलं नाही. बायका सभासद नसतात म्हणे. त्या खिडकीशी उभ्या राहून बोलत राहिल्या. आतून खिडकी लावली, तर त्या पुढच्या खिडकीशी गेल्या. महिन्याभरात योहानही नागापूरच्या कारखान्यात लागला. तिथल्या संघात त्याला घेतलं. “मावशी, तिकडं मॅच बघायला या, न्यायला येतो,” असं तो सांगून गेला.

मी म्हटलं, “जा की. तिथे खेळ तरी चांगला असेल.”

“आन् हितं ओरडायचं कुनी?” त्या म्हणाल्या. “मी गेले तर नानाशेठला वाटंल, म्हातारी हारली.”

पुढच्या रविवारी त्या ठरल्या वेळी, ठरल्या जागी. प्रेक्षक कमी झाले, तसा त्यांचा आवाज वाढला.

अशाच एका मॅचमध्ये, त्या नानाशेठच्या नावाने शंख करीत असतानाच, शेठजींच्या घरचा टांगा मैदानात शिरला. त्यांची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला दवाखान्यात नेलं होतं आणि ती अडली होती. नानाशेठ सोफ्यावरून उठले, मैदान ओलांडून मार्थाबाईंपुढे उभे राहिले. हात जोडले आणि टांग्याकडे बोट केलं.

मार्थाबाईंनी अर्धी शिवी तोंडातच ठेवली आणि टांग्यात बसल्या. “हाका, हाका! शेठ, तुमी बी बसा.”

मुलाच्या गळ्यात नाळेचा वेढा होता. निळा पडला होता, रडेना. मार्थाबाईंनी त्याला उलटा धरून पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात बोट घालून घसा मोकळा केला, पुन्हा मारल्या. बाहेर बाकावर नानाशेठ डोकं धरून बसले होते. आतून टॅहँ ऐकू आलं, तेव्हा ते लहान पोरासारखे रडले, असं आया सांगायची.

दोन दिवसांनी नानाशेठचा दिवाणजी मार्थाबाईंकडे आला. हातात भारी साडी, आणि निरोप, की रविवारी व्यासपीठावर आपला सत्कार करायचं शेठजींनी ठरवलं आहे.

“साडी परत न्या,” मार्थाबाई म्हणाल्या. “आन् शेठला सांगा, सत्कार नको. सेंटर हाफ बदला.”

सेंटर हाफ बदलला नाही. रविवारी त्या पुन्हा कडेला उभ्या, आणि नानाशेठचं नाव पुन्हा त्यांच्या तोंडी. लोकांना वाटलं होतं आता दिलजमाई होईल. मला तर या बाईचा मनापासून अभिमान वाटला.

थोड्याच दिवसांनी नातवाचं बारसं झालं. कर्णा लावला होता, अर्धं गाव जेवायला. मलाही बोलावणं होतं. जेवून परत येताना पाहिलं, तर मार्थाबाई पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“हे काय? तुम्ही नाही आलात?”

“बोलावनं न्हाई.”

मी भडकलो. म्हटलं, काय माणसं आहेत! ज्यांनी पोर वाचवलं त्यांच्याशीच असं वैर धरायचं? फुटबॉल फुटबॉलच्या जागी. मी आत्ता जाऊन शेठला तोंडावर विचारतो.

“बसा, मास्तर.” त्या सुपातला खडा शोधत म्हणाल्या. “ह्यात फुटबॉल न्हाई. मला कुठल्याच बारशाला बोलावत न्हाईत. योहानच्या घरी तेवढं बोलावलं हुतं, ते आमच्यातले. बाकी कुनाच्या न्हाई. रांडमुंड बाई, त्यात कूस उजवली न्हाई. असल्या बाईचा हात पाळन्याला लागू ने, म्हनत्यात. पोर सुखरूप हाती दिलं की आमी हात धुयाचे. मंग त्येचं नाव काय ठिवलं, ते कोन सांगाया येतंय? ही पोरं मैदानात उतरल्यावर एकमेकाला हाका मारत्यात ना, तवा मला कळतंय, ह्येचं नाव अमुक, त्येचं तमुक.”

तिकडे कर्ण्यावर गाणं चालू होतं. त्यांनी सूप एकदा पाखडलं, मग तसंच मांडीवर थांबवलं.

“काय ठिवलं वो नाव?”

“विक्रम.”

“विक्रम,” त्या म्हणाल्या. मग जरा मान वर करून, लांब कुणाला तरी हाक मारून पाहावी तसं, “विक्रम!”

आणि मला म्हणाल्या, “बरं हाय. हाकेला चांगलं हाय.”