कट्टा पाहिजे

"एक तारखेपासून रसिकाचा कॉम्प्युटरचा क्लास बंद," मुरलीधरने चहाचा कप खाली ठेवत जाहीर केलं. "काल ओढणी ओढली. उद्या आणखी काही झालं तर?"

विनयाचं लाटणं पोळीवर थांबलं. "ओढणी टवाळांनी ओढली आणि क्लास हिचा बंद?"

"मग काय त्यांचा बंद करू? ते क्लासला जात नाहीत."

मुरलीधरच्या बोलण्यात तर्क होता, आणि तर्क सापडला की तो कोणाचं ऐकत नसे. पुण्याची नोकरी सोडून तो नोएडात नव्याने आलेल्या एका परदेशी कंपनीत रुजू झाला, त्याला पाच वर्षं झाली होती. दिल्लीत मयूर विहारच्या सोसायटीत फ्लॅट झाला, केबल टीव्ही आला, खाली नव्या कोऱ्या मोटारी उभ्या राहू लागल्या. बस स्टॉपपासून गेटपर्यंतची गल्ली मात्र होती तशीच राहिली. एका बाजूला सोसायटीची उंच भिंत, दुसऱ्या बाजूला रिकामा प्लॉट, आणि लागला तर लागला अशा दिव्याखाली स्कूटरला टेकून उभी असलेली पोरं. विनया एकदा लेकीला आणायला स्टॉपवर गेली, तर त्यांनी तिलाही शीळ घातली होती. ते तिने घरात सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं, तर तिचंही भाजीला जाणं बंद झालं असतं.

"क्लास बंद होणार नाही," ती म्हणाली. "गल्लीच्या तोंडाशी कट्टा बांधू. वर चांगला दिवा लावू. संध्याकाळी आम्ही बायका तिथे बसलो, भाजी निवडली, गप्पा मारल्या, की कोण बघतंय वाकडं? माझ्या माहेरच्या गल्लीत एवढ्याशा मुलीसुद्धा दिवेलागणीनंतर एकट्या यायच्या. पोलीस होते का तिथे? कट्टा होता."

"सोसायटी मान्य करणार नाही," मुरलीधर म्हणाला. "केलं, तर क्लास चालू."

रविवारी सोसायटीची मीटिंग होती. अध्यक्ष भाटियासाहेब म्हणजे पाण्याच्या टाकीला रंग कोणता द्यायचा यावर तीन मीटिंगा घेणारा माणूस. विनया उभी राहिली. तिची हिंदी पुण्यात शिवलेली होती, दिल्लीत नुसती नेसलेली.

"भाईसाब, उस गली में लडके हमारी बेटियों को सताते हैं. हमको वहां कट्टा चाहिए."

हॉलमधल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या.

"कट्टा?" भाटियासाहेबांनी चष्मा काढला. "आप चलाएंगी?"

"अकेली काहे को? सब बहनें मिलके चलाएंगे. बारी-बारी से."

"पर मिलेगा कहां से?"

"मिलना क्या है, मिस्त्री को बोलके यहीं बनवाएंगे. पुणे में तो हर गली में कट्टा होता है. मेरी मां तो शाम को कट्टे के बिना रहती ही नहीं थी."

"माताजी भी?" मागून कोणीतरी पुटपुटलं.

"और कोई लडका फिर भी बदमाशी करे तो?" भाटियासाहेबांचा आवाज चिरकला होता.

"करेगा ही नहीं. दूर से कट्टा देखके भाग जाएगा. और एक टाइम पे आठ-दस औरतें आराम से, इतना लंबा बनवाएंगे," असं म्हणून विनयाने दोन्ही हात पसरून लांबी दाखवली. पहिल्या रांगेतले दोघे जण मागे सरकले.

भाटियासाहेबांनी कपाळ पुसलं. "जैसा आप ठीक समझें, भाभीजी."

एकानेही हरकत घेतली नाही. विनयाला आनंद झाला, आणि तो लपवायचं तिला काही कारण वाटलं नाही. "बघितलंत?" ती जिन्यात मुरलीधरला म्हणाली. "समजावून सांगितलं की लोक ऐकतात." मुरलीधरला काहीतरी खुपत होतं, पण तर्क सापडत नव्हता.

दिल्लीच्या आसपास मराठी माणसाचा अंदाज चुकण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. पानिपत तसं जवळच आहे.

दुसऱ्या दिवसापासून चमत्कारिक प्रकार सुरू झाले. जिन्यात भेटणारी माणसं भिंतीला चिकटून वाट देऊ लागली. भाजीवाल्याने न मागता कोथिंबीर घातली आणि "बस, माताजी?" असं विचारलं. समोरच्या फ्लॅटमधली बाई दार किलकिलं करून हळूच म्हणाली, "दीदी, मैं आपके साथ हूं. पर मेरा नाम मत लेना." कट्ट्यावर बसायला एवढं भ्यायचं काय, हे विनयाला कळेना. तिने मिस्त्रीला सांगून सामान तेवढं आणवून घेतलं.

बुधवारी संध्याकाळी मुरलीधर लवकर घरी आला होता. रसिकाची यायची वेळ टळून गेली होती. विनया पुन्हा पुन्हा खिडकीशी जात होती. गल्लीत अंधार होता आणि एकही माणूस दिसत नव्हता. तेवढ्यात बेल वाजली. तिने धावत जाऊन दार उघडलं, तर बाहेर इन्स्पेक्टर, दोन हवालदार आणि त्यांच्या मागे भाटियासाहेब.

पोलीस बघून विनयाला आधी रसिकाच आठवली. "मेरी बेटी? क्या हुआ उसको?"

"बेटी की बात नहीं," इन्स्पेक्टर आत येत म्हणाले. "कट्टा कहां है?"

विनयाला जरा हायसं वाटलं. "अभी बना कहां है? मिस्त्री रविवार को आएगा. सामान पीछे बाल्कनी में रखा है."

इन्स्पेक्टरांनी डोळ्यांनी खूण केली. हवालदार आत धावले. नोकरी, फ्लॅट, अब्रू, सगळं मुरलीधरच्या डोळ्यांसमोरून सरकलं, आणि कशापायी ते मात्र अजून कळत नव्हतं. एक हवालदार लोखंडी पाइप घेऊन बाहेर आला.

"नली मिली है, साब."

"वो तो दिवे की है," विनया म्हणाली.

"और?"

दुसरा हवालदार डोकं खाजवत बाहेर आला. "साब, कट्टा तो है. पर सिमेंट का है. पूरा पचास किलो का."

सिमेंटच्या पोत्यालाही इथे कट्टाच म्हणतात. इन्स्पेक्टर कधी पोत्याकडे, कधी पाइपकडे, कधी विनयाकडे बघत राहिले. तेवढ्यात रसिका दारात आली. विनयाने पुढे होऊन तिला घट्ट जवळ घेतलं.

"कुठे होतीस गं इतका वेळ?"

"बस लेट होती. आई, वो लडके... म्हणजे ती मुलं, आज मला नमस्ते दीदी म्हणाली आणि स्कूटर घेऊन पळाली. तू काय केलंस?" मग तिला पोलीस दिसले. "क्या हुआ?"

"तुम्हारी मां मीटिंग में कट्टा मांग रही थी," भाटियासाहेब म्हणाले.

रसिकाने कपाळावर हात मारला. "अगं आई, इथे कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल." मग ती इन्स्पेक्टरांकडे वळली. "अंकल, मराठी में कट्टा मतलब बैठने का चबुतरा. बस, बैठने का."

इन्स्पेक्टर आधी हसले, मग डोळे पुसून पुन्हा हसले. "बैठने पर कोई दफा नहीं लगती," असं म्हणून पाइप परत देऊन ते हवालदारांसह निघाले. मुरलीधर खुर्चीत कोसळला.

आणि भाटियासाहेबांना वाचा फुटली.

"बैठने के लिए? भाभीजी, अच्छे घर की औरतें गली में बैठेंगी? लोग क्या कहेंगे? सोसायटी की शोभा का क्या? नहीं नहीं, इसके लिए तो तीन-चार मीटिंग करनी पडेंगी."

विनयाला हसू यायला हवं होतं, पण तिच्या अंगाचा तिळपापड झाला. बायकांच्या हातात पिस्तूल द्यायला हे लोक एका मिनिटात तयार झाले, आणि बायकांनी नुसतं बसायचं म्हटलं तर शोभा जाते. ती दारापाशी गेली आणि शांतपणे म्हणाली, "ठीक है, भाईसाब. बैठनेवाला नहीं जमता, तो रहने दो. आपने मीटिंग में जो पास किया था, वोही मंगवा लेती हूं."

भाटियासाहेबांनी जिन्याकडे पाहिलं. इन्स्पेक्टर खाली पोचले होते.

"मिस्त्री कब आ रहा है?" त्यांनी विचारलं.

"रविवार को."

"मैं ईंटें भिजवा दूंगा," असं म्हणून ते भिंतीला चिकटून जिना उतरले.

दार लागलं. रसिकाने बॅग खाली ठेवली आणि भीतभीत मुरलीधरकडे पाहिलं. "बाबा, एक तारखेपासून क्लासला जाऊ ना?"

मुरलीधरने तोंडावरून हात फिरवला. "मला काय विचारतेस?" तो म्हणाला. "कट्टा आईच्या हातात आहे."