नळाजवळच्या विटेची हरकत

आमच्या गावात बाहेरच्या जुन्या विटांना रंग द्यायचा असेल, तर आधी प्रत्येक विटेची संमती घ्यावी लागते. नियम चांगला आहे. फक्त वेळ फार जातो.

दस्तगीर पेंटरने आमची भिंत तारेच्या ब्रशने घासली, शेवाळ काढलं, सुटलेले सांधे सिमेंटने भरले, भिंत धुतली आणि तीन दिवस वाळू दिली. ओल्या विटेचा जबाब ग्राह्य धरत नाहीत. चौथ्या दिवशी नगरपालिकेच्या कुंभोजकर मॅडम फॉर्म घेऊन आल्या. सगळ्या विटांनी पिवळ्या रंगाला होकार दिला. नळाजवळची एक तेवढी म्हणाली, "म्या ह्या घरची न्हाई. माळगेअप्पांच्या कुंपणातली हाय."

माझे कान तापले. एकतीस वर्षांपूर्वी आमच्या नळाचं काम निघालं, त्याच दिवशी शेजारच्या अप्पांच्या कुंपणातून एक वीट नाहीशी झाली. तेव्हापासून ते आणि माझे वडील, आबा, एकमेकांशी बोलले नाहीत. "मी हात लावला नाही," असं आबा शेवटपर्यंत सांगत राहिले आणि आदल्या वर्षी गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाला भिंत नीट दिसावी, एवढीच माझी इच्छा होती. आता त्यांची अब्रूच नळापाशी उघडी पडली.

"मूळ मालकाची सही आणा," मॅडम म्हणाल्या.

मी गेलो. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि काठी टेकत आले. विटेसमोर उकिडवे बसले.

"बरी हाईस?"

"बरी हाय. हितं सावली असती."

"परत येतीस?"

"नगं. आता सवय झालीया."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अप्पा माझ्याकडे वळले. "मागितली असती तर गाडीभर दिल्या असत्या की रं तुझ्या बाला."

मग त्यांनी सही केली, एका अटीवर. त्या विटेला त्यांच्या घराचा निळा रंग लागेल आणि तो तेच लावतील. मॅडमनी अट शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतली.

आता दर दिवाळीआधी अप्पा डबा आणि ब्रश घेऊन येतात. पहिला हात दिला की दुसऱ्याआधी चार तास वाळू द्यावं लागतं. तेवढा वेळ ते आबांच्या खुर्चीत बसून चहा पितात. यंदा दुसरा हात झाल्यावर त्यांनी विटेकडे बराच वेळ निरखून पाहिलं आणि दस्तगीरला विचारलं, तिसरा चालंल का.

"विटेला विचारा," दस्तगीर म्हणाला.

विटेची काही हरकत नव्हती.