बिननात्याचा श्रोता

बायको चार दिवस बहिणीकडे राहायला गेली की नवऱ्याने आनंदी व्हावं, अशी जगाची अपेक्षा असते. मीही रीतसर आनंदी झालो. पण ग्लेनिस ब्रिडलिंग्टनला बहिणीकडे, डोरीनकडे गेली ती हिवाळ्याच्या तोंडावर, आणि आमच्या हल शहरात आता उन्हाळा आला तरी तिचे चार दिवस काही संपले नव्हते. भांडण नाही, तंटा नाही. जाताना एवढंच म्हणाली, "नेव्हिल, तुझ्याशी बोलणं आणि सोफ्याशी बोलणं यातला फरक मला आता कळेनासा झालाय." (यावर चोख उत्तर मला सुचलं, पण तोवर तिची बस सुटली होती.)

दर रविवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा. "काय केलंस आठवडाभर?" ती विचारायची. मी खरं ते सांगायचो. मंगळवारी टोस्ट केला, बुधवारी टोस्टवर बीन्स घातले. ती परत यावी एवढंच मला हवं होतं, पण असल्या माणसाकडे कोण परत येईल? म्हणून मी ठरवलं की शुक्रवारी काहीतरी धमाल करायची आणि रविवारी ती सहज बोलता बोलता सांगायची. कोपऱ्यावरच्या पबच्या माडीवर गावातले बँड वाजवतात. तिथं जायचं, एक बिअर घ्यायची, गर्दीत मिसळायचं आणि घरी यायचं. बेत साधा होता. (माझे सगळेच बेत साधे असतात.)

जिन्यापाशी टेबल टाकून एक मुलगी बसली होती. माझ्या हातावर शिक्का मारत तिनं विचारलं, "कुणासाठी आलात?"

हा प्रश्न असल्या ठिकाणी सगळ्यांनाच विचारतात. तीन बँड असतात, ज्याच्या नावानं माणसं येतात त्याला पुन्हा बोलावणं येतं. "कुणासाठीच नाही" असं तोंडावर सांगणं आम्हा इंग्रजांना जन्मात जमायचं नाही. उगाच कुणाला वाईट वाटायला नको, म्हणून मी भिंतीवरच्या पत्रकातलं पहिलं नाव वाचून टाकलं. "थंड चहासाठी."

तिचा शिक्का हवेतच राहिला. "थंड चहासाठी? नातेवाईक आहात का?"

"नाही."

"शेजारी?"

"नाही."

"शाळेत शिकवायचात त्यांना?"

"नाही हो. नुसता ऐकायला आलोय."

तिनं मला नीट न्याहाळलं, खुर्ची सरकवली आणि माडीवर पळत गेली.

वर मंचासमोरची जागा असल्या ठिकाणी असते तशी मोकळी होती आणि माणसं भिंतीला चिकटून उभी होती. मी माझ्यापुरती भिंत शोधत होतो, तेवढ्यात एक ठसठशीत बाई आडवी आली. "मी लोरेन. ड्रमवाल्या कायरनची आई. ही त्याची मावशी, ते बेस गिटारवाल्याचे आजोबा. आणि तुम्ही कुणाचे?"

"कुणाचाच नाही," मी म्हणालो.

हे वाक्य कित्येक महिने माझ्या मनात फिरत होतं, पण मोठ्यानं मी ते पहिल्यांदाच म्हटलं. लोरेनबाईंना मात्र कोण आनंद झाला. त्या सगळ्या माडीकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत का, कुणाचाच नाही म्हणतायत." आजोबांनी उठून माझा हात हातात घेतला. मावशीनं वेफर्सची पिशवी पुढे केली. बँड सुरू झाल्यापासून नात्याबाहेरचा माणूस ऐकायला आला नव्हता म्हणे. मग कुणीतरी त्या मोकळ्या जागेच्या मधोमध खुर्ची ठेवून मला तीत बसवलं. (उभ्यानं ऐकायच्या कार्यक्रमात बसलेला मी एकटा. माझ्या लग्नातसुद्धा माझ्याकडे इतकं कुणी बघितलं नव्हतं.)

थंड चहाचं संगीत कसं होतं म्हणाल, तर चार पोरं चार निरनिराळी गाणी एकाच वेळी मनापासून वाजवत होती. पहिलं संपल्यावर गाणारा कॅलम माइकमध्ये म्हणाला, "काका, तुमच्या आवडीचं कोणतं वाजवू?"

मला कुठलं ठाऊक असणार? "ते संथ आहे ना, ते," मी ठोकून दिलं.

"आपल्याकडे संथ नाहीये रे," कायरन मागून पुटपुटला.

"असणार. ते म्हणतायत ना," कॅलम म्हणाला.

आणि त्यांनी त्यांचं सगळ्यात दणदणीत गाणं निम्म्या वेगानं वाजवलं. खोटं कशाला बोलू, ते छान वाटलं. ग्लेनिस भांडी विसळताना असंच काहीतरी संथ गुणगुणायची. ती गेल्यापासून घरात कुणी गुणगुणलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"रडतायत बघ," मावशी म्हणाली. लोरेनबाईंनी पटकन फोटो काढला.

थंड चहाचं वाजवून झालं आणि सगळ्या नातेवाइकांनी कोट चढवले. मला खरं म्हणजे पुढचा बँड ऐकायचा होता. तसं म्हणालो, तर लोरेनबाई म्हणाल्या, "त्यांना त्यांची माणसं आहेत की. तुम्ही आमचे." मग मी त्यांच्याबरोबर खाली जाऊन फुटपाथवर उभ्यानं चिप्स खाल्ल्या. आजोबांच्या कुठल्यातरी गोष्टीवर मी चक्क हसलो, आणि त्याचाही फोटो निघाला. दोन्ही फोटो लोरेनबाईंनी इंटरनेटवर टाकून जगजाहीर केले.

रविवारी फोन सकाळीच आला. "नेव्हिल, डोरीननं फोटो दाखवले. तो तूच आहेस?"

"मीच," मी जमेल तितक्या बेफिकीरपणे म्हणालो.

"एवढी माणसं तुझ्या ओळखीची?"

"आहेत आपली. शुक्रवारी भेटतो आम्ही." (एकच शुक्रवार झाला होता, पण मी काही खोटं बोललो नव्हतो.)

मग ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "खरं सांगू? मी बॅग भरून ठेवली होती. तू तिकडे एकटा टोस्ट खात बसतोस, हे मला बघवेना. उद्याच्या बसनं येणार होते."

"मग ये ना," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"आता कशाला? ते फोटो बघितले आणि जीव भांड्यात पडला बघ. रात्रीच सगळे कपडे परत कपाटात लावले."

"अगं पण ग्लेनिस, मी त्यात रडतोय."

"आनंदानं रडतोयस, लिहिलंय ना खाली लोरेननं. किती गोड बाई आहे." आणि तिनं समाधानानं फोन ठेवला.

पुढच्या रविवारी संध्याकाळी फोन वाजला तेव्हा मी जिन्यावरून अक्षरशः धडपडत खाली आलो. लोरेनबाई होत्या. कायरनचे ड्रम व्हॅनमध्ये चढवायला एक माणूस कमी पडत होता. रविवारी संध्याकाळी मी मोकळाच असतो, असं ग्लेनिसनं त्यांना माझ्या नंबरासकट कळवलं होतं.