आधी काळी, मग हिरवी

नव्या फ्रीजच्या वरच्या दारावरचा स्टिकर ब्लेडने खरवडून काढला आणि ग्रंथपालाला त्या जागी वीतभर लांब चरा दिसला. ब्लेड आपलं, म्हणजे चराही आपलाच, असं त्याने धरलं. फ्रीज घरात येऊन पाचच दिवस झाले होते. बायकोने तीन दुकानं पालथी घालून तो पसंत केला होता, आणि तोही दारासाठी. बारीक उभ्या रेघांचं, मंद झळाळीचं ते स्टील तिने दुकानात हात फिरवून फिरवून पाहिलं होतं. ती दवाखान्यात परिचारिका होती आणि आज सकाळीच तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला गेली होती. म्हणजे हातात तीन दिवस होते.

त्याने चऱ्यावर टूथपेस्ट चोळून पाहिली. चरा जागचा हलला नाही, फक्त त्याला पुदिन्याचा वास यायला लागला. मग तो हार्डवेअरच्या दुकानात गेला.

दुकानदाराने काउंटरवर पॉलिशच्या पाच वड्या मांडल्या. साबणाएवढ्या, पाच रंगांच्या. "तपकिरी पितळेला. निळी दागिन्यांना. पांढरी नाजूक कामाला. स्टीलला काळी कापते, हिरवी चमकवते. तुम्हाला चकाकी किती हवीय?"

"चकाकी नकोच. फक्त चरा जायला हवा."

"चरा गेला की चकाकी येतेच साहेब. ती वेगळी मागावी लागत नाही."

हे वाक्य ग्रंथपालाने नीट ऐकायला हवं होतं. पण त्याने विचारलं, "यातली सगळ्यात सौम्य कोणती?" आणि हिरवी वडी व एक कापडी चाक घेऊन तो घरी आला. आता ड्रिल मशीन तेवढं हवं होतं. ते वरच्या मजल्यावरच्या फिटरकाकांकडे होतं. काकांनी एका कारखान्याच्या पॉलिश खात्यात पस्तीस वर्षं काढली होती, आणि त्यांचं मशीन कुठेही एकटं जात नसे.

"ही हिरवी कुणी गळ्यात मारली?" काकांनी वडी हुंगत विचारलं.

"दुकानदार म्हणाला, सौम्य आहे."

"त्याला विकायचं कळतं. अरे, हिरवी म्हणजे शेवटचा हात! आंघोळ न करता अत्तर लावतोस का तू? आधी पॉलिश पेपर, मग काथ्याच्या चाकावर काळी, मग पुसून कोरडं, मग कापडी चाकावर हिरवी."

"पण काका, चऱ्यापुरतंच हं."

"चऱ्यापुरतंच," काका म्हणाले, घरून काळी वडी आणि काथ्याचं चाक घेऊन आले आणि बाह्या सरसावल्या.

दुपारपर्यंत चरा नाहीसा झाला. त्याच्या जागी ताटाएवढा लखलखीत आरसा तयार झाला आणि त्यात ग्रंथपालाचा उतरलेला चेहरा स्पष्ट दिसू लागला.

"गेला की नाही?"

"गेला. पण हे दिसतंय, काका."

"दिसणारच! काम आहे ते."

"इथे पुन्हा रेघा आणता येतील?"

काका दुखावले. "पस्तीस वर्षं मी रेघा घालवल्या. आता म्हातारपणी पाडायला लावतोस?"

तेव्हा एकच मार्ग उरला, आणि तो म्हणजे सगळं दार. दुसऱ्या दिवशी काका सकाळी आठलाच हजर झाले. काळ्या वडीचे शिंतोडे भिंतीवर, पडद्यावर आणि दुधाच्या पातेल्यात उडाले. एका जागी चाक जास्त वेळ टेकलं आणि स्टील तापून निळं पडलं. ते घालवेपर्यंत दुपार झाली आणि काका जेवायला गेले. तेवढ्यात मदत करावी म्हणून ग्रंथपालाने काथ्याच्या त्याच चाकाला हिरवी वडी लावली. काळीचे कण चाकात होतेच. दारभर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उठले.

काका परत आले, दाराकडे पाहिलं आणि स्टुलावर बसले. "पुस्तकं भलत्या कपाटात ठेवतोस का कधी?"

"नाही."

"मग?"

पुन्हा काळीपासून सुरुवात झाली. तिसऱ्या दिवशी खालचं दारही करावं लागलं, कारण वर कोट आणि खाली चड्डी अशी फ्रीजची दशा झाली होती. चार वाजता काकांनी शेवटचा हात फिरवला. दोघं मागे सरले. दारात अख्खं स्वयंपाकघर उतरलं होतं, पडद्यावरच्या काळ्या ठिपक्यांसकट. ग्रंथपालाला क्षणभर खरंच अभिमान वाटला.

पाच वाजता बायको आली. तिच्या मागे फ्रीज कंपनीचा मेकॅनिक होता आणि त्याच्या खांद्यावर मोठं खोकं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ती थबकली. फ्रीजच्या दारातली बायकोही थबकली.

"ताई, वरच्या दाराला चरा आहे अशी तक्रार होती ना?" मेकॅनिकने खोकं खाली ठेवलं. "नवीन दार आणलंय. चरा दाखवा, लगेच बदलतो."

"तक्रार?" ग्रंथपालाचा आवाज चिरकला. "कधी केलीस?"

"फ्रीज आला त्याच दिवशी. स्टिकरच्या दोन्ही बाजूंनी टोकं दिसत होती चऱ्याची. कारखान्यातूनच आला होता तो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही दुरुस्त करायला घेतला असतात म्हणून."

मेकॅनिक बॅटरी लावून दारावर चरा शोधत होता. "चरा दिसल्याशिवाय बदलता येत नाही. नियम आहे."

"शोध, शोध," स्टुलावर बसलेले फिटरकाका आनंदाने म्हणाले. "भिंग आणून देऊ का?"

ग्रंथपाल त्यांच्या कानाशी लागला. "काका, पाया पडतो. एक छोटासा पाडून द्या."

"माझ्या कामावर?" काका दोन्ही हात पसरून फ्रीजसमोर उभे राहिले.

मेकॅनिकने बॅटरी विझवली, दारात बघून टोपी सारखी केली आणि कागदावर लिहिलं: 'चरा आढळला नाही. दारही आढळले नाही.' बायकोने सही केली. खोकं पुन्हा खांद्यावर चढलं. जिन्यात मेकॅनिक काकांना हळूच विचारत होता, "काका, कुठली वडी वापरलीत?" आणि काका सांगत होते, "आधी काळी..."

घरात दोघंच उरली. बायकोने पर्स ठेवली, फ्रीज उघडून पाण्याची बाटली काढली आणि दार लोटलं. आरशावर तिची पाचही बोटं ठसठशीत उमटली. ग्रंथपालाने न सांगताच रुमाल काढला आणि ठसे पुसले.

"छान," ती म्हणाली. "आता हे काम तुमचं."

"रोज?"

"छे, रोज कशाला? दार उघडेल तेव्हाच."

आणि बाटली परत ठेवायला तिने फ्रीज उघडला.